रुग्णसेवेंतील हस्तशुद्धि व खाजगी कंपन्या : माप कोणाच्या हातीं ?

१

रोग्याला स्पर्श करण्यापूर्वीं व केल्यानंतर वैद्यानें आणि परिचारिकेनें हात शुद्ध करावे, हा नियम आज इतका साधा वाटतो कीं, त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो वादांनीं भरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर शंभर रोग्यांपैकीं संपन्न देशांत सात, आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा रोग्यांना रुग्णालयांतच एखादा तरी नवा संसर्ग जडतो. म्हणजे घरून एक व्याधि घेऊन निघालेला मनुष्य तेथें दुसरी व्याधि मिळवितो. या संसर्गाचा एक मुख्य वाहक म्हणजे शुश्रूषा करणाराचा हात होय. तो शुद्ध ठेवण्यास लागणारा साबण, मद्यार्क व हातमोजे हे बहुतांशीं खाजगी कारखान्यांतून येतात. तेव्हां या कामीं रुग्णालयांनीं कंपन्यांशीं भागी करावी कीं नाहीं, आणि करावी तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न उत्पन्न होतो. प्रस्तुत लेखांत त्याचा ऐतिहासिक दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

आगरदांड्यास बसून हा विचार करणाराला सरकार व खाजगी भांडवल यांची भागी ही अपरिचित वस्तु नाहीं. दंडा-राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा व दक्षिण तीरावर दिघी; खाडीच्या मुखाशीं जंजिरा. सिद्दींच्या इतिहासामुळें हा प्रदेश वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. याच खाडीच्या दोन्ही तीरांवर बंदर बांधण्याचा मक्ता महाराष्ट्र सागरी मंडळानें २००२ मध्यें एका खाजगी कंपनीस ५० वर्षांच्या मुदतीनें दिला. पुढें ती कंपनी कर्जांत बुडाली, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत अदानी कंपनीनें ७०५ कोटी रुपयांस तें बंदर घेतलें. जमीन व किनारा सरकारचा, भांडवल व यंत्रें कंपनीचीं, अशी ही रचना आहे.

त्याहून जुनें उदाहरण खोतीचें. सरकार व रयत यांच्या मध्यें खोत उभा असे. तो सरकारास ठरलेला वसूल देई व कुळाकडून पिकाचा भाग घेई. कोठें अर्धेल, कोठें तिर्धेल. खोत असणें हेंच सर्व दुःखाचें मूळ होतें असें म्हणतां येत नाहीं. ओसाड जमिनी लागवडीस आणण्याचें काम अनेक खोतांनीं केलेलें आहे. तक्रारीचें मूळ निराळें होतें. उभ्या पिकाची अभावणी खोत करी, माप त्याचें असे, व भाग घेणाराहि तोच. घेणारा व मोजणारा एकच झाला म्हणजे कुळाला दाद मागण्यास जागा उरत नाहीं. अलिबागेजवळच्या चरी येथील कुळांनीं १९३३ पासून कित्येक वर्षें जमीन न कसण्याचा संप चालविला. १९३७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती रद्द करण्याचें विधेयक मांडलें; आणि १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. या इतिहासांतून निघणारें सूत्र असें : मध्यस्थाच्या हातीं पुरवठा असावा, पण माप असूं नये. हस्तशुद्धीच्या इतिहासाला हेंच सूत्र लावून पाहूं.

२

प्रथम संस्कृत ग्रंथांकडे वळूं. हात धुण्याविषयीं आपल्याकडे वचनांची वाण नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत शौचविधींत मृत्तिकेनें हात किती वेळां घासावे याची गणना आहे. डाव्या हातास दहा वेळां व दोन्ही हातांस मिळून सात वेळां, हा नियम गृहस्थाचा; ब्रह्मचाऱ्यास त्याच्या दुप्पट, वानप्रस्थास तिप्पट व यतीस चौपट. या गणनेंतील तत्त्व लक्षांत घेण्यासारखें आहे. मळ सर्वांचा सारखाच, पण धुण्याची संख्या आश्रमाप्रमाणें वाढते. म्हणजे येथें मोजलें जातें तें धुणाराचें पावित्र्य. समोर दुसरा कोणी आहे व त्याला या हातापासून अपाय होईल, ही कल्पना या विधीच्या केंद्रस्थानीं नाहीं.

सुश्रुतसंहितेंत दृष्टि बदलते. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायांत व्यवसायांत प्रवेश करणाऱ्या वैद्यानें नखें व केस कापलेले ठेवावे, शुचि असावें, शुभ्र वस्त्र नेसावें, असें सांगितलें आहे. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत प्रसूतीच्या वेळीं वयानें प्रौढ व या कामांत कुशल अशा चार स्त्रिया जवळ असाव्या आणि त्यांचीं नखें कापलेलीं असावीं, असा स्पष्ट निर्देश आहे. शस्त्रकर्मानंतर गुग्गुळ, मोहरी, कडुलिंबाचीं पानें व तूप यांचा धूप द्यावा, असेंहि तेथें आहे. यावरून प्राचीनांस सूक्ष्म जंतूंचें ज्ञान होतें असें अनुमान काढणें हा इतिहास नव्हे; धूपाचें प्रयोजन राक्षसांपासून रक्षण असें ग्रंथकारच सांगतो. परंतु सुइणीचें नख हा बाळंतिणीच्या जीवाचा विषय आहे, एवढें मात्र त्या वाक्यांत निःसंशय आहे. शुद्धि स्वतःकरितां नसून दुसऱ्याकरितां, हा रुग्णसेवेंतील हस्तशुद्धीचा गाभा होय.

या भेदाचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. स्वतःच्या शुद्धीसाठीं हात धुणारा मनुष्य साधन वाईट असेल तर स्वतःच भोगतो व दुसरें साधन आणतो. रुग्णालयांत फळ भोगणारा निराळाच असतो. साबण विकत घेणारा अधिकारी, तो वापरणारी परिचारिका व त्याच्या गुणदोषांचें फळ भोगणारा रोगी हे तीन निरनिराळे. रोगी बाजारांत जात नाहीं, चिठ्ठी वाचीत नाहीं, भाव करीत नाहीं. तेव्हां त्याच्या वतीनें माप धरणारा कोणीतरी असला पाहिजे.

३

युरोपांत या शास्त्राचा आरंभ १८४७ च्या मे महिन्यांत व्हिएन्ना येथें इग्नाझ सेमेलवाइस यानें केला. तेथील सूतिकागृहाचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. पहिल्या विभागांत सूतिकाज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांची संख्या फार अधिक असे. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तेच हात घेऊन प्रसूतिगृहांत येतात, हें कारण त्यानें ओळखलें व क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. १८४६ मध्यें त्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक मृत्यु होते. १८४८ मध्यें ते शेंकडा सव्वावर आले. हें चुन्याचें द्रव्य त्यानें निर्माण केलेलें नव्हतें. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यानें १७९९ मध्यें कापड शुभ्र करण्याकरितां त्याच्या भुकटीचें पेटंट घेतलें होतें. म्हणजे कापडाच्या धंद्यांतील वस्तु रुग्णालयांत आली. ती आणणारा वैद्य होता, विकणारा व्यापारी नव्हता. आणि तिच्या यशाचा पुरावा रुग्णालयाच्या मृत्यूच्या नोंदवहींत होता. तरीहि समकालीन वैद्यांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं व १८६५ मध्यें तो विपन्नावस्थेंत मरण पावला. साधन व पुरावा दोन्ही असूनहि संस्थेचें मन वळल्यावांचून हात धुतले जात नाहींत, हा धडा त्यांतून मिळतो.

त्याच १८६५ सालीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें कार्बोलिक आम्लाचा जखमेवर प्रयोग केला. कार्लाइल गांवीं सांडपाण्याची घाण मारण्यास हें द्रव्य वापरतात, हें त्यानें ऐकलें होतें. कोळशाच्या डांबरापासून तें काढून विकण्याचा धंदा मँचेस्टरचा रसायनज्ञ क्रेस कॅल्व्हर्ट करीत असे. येथें पुरवठा कारखान्याचा व परीक्षा वैद्याची, ही विभागणी अधिक स्पष्ट दिसते.

तिसरें उदाहरण हातमोज्यांचें. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांत विल्यम हॉल्स्टेड या शस्त्रवैद्याच्या हाताखालीं कॅरोलिन हॅम्प्टन ही परिचारिका काम करी. हात धुण्याच्या पारायुक्त द्रावणानें तिच्या हातांची त्वचा फाटूं लागली. तेव्हां १८८९-९० च्या हिवाळ्यांत हॉल्स्टेडनें गुडइयर रबर कंपनीस पातळ रबराचे दोन जोड हातमोजे प्रयोगादाखल करून देण्यास सांगितलें. ते इतके सोयीचे ठरले कीं, इतर सहायकहि ते वापरूं लागले. आणि त्यांनीं रोग्याचेंहि रक्षण होतें हें मागाहून ध्यानांत आलें. कंपनीशीं केलेल्या भागीचा हा अत्यंत सरळ नमुना होय. गरज रुग्णालयाची, माप रुग्णालयाचें, कारागिरी कंपनीची.

चौथें उदाहरण आपल्या घरोघरीं माहीत असलेल्या द्रव्याचें. इंग्लंडांतील हल शहरच्या रेकिट कंपनीनें क्लोरोझायलेनॉल या द्रव्याचें मिश्रण तयार केलें, तेंच डेटॉल. १९३३ च्या सुमारास लंडनच्या क्वीन शार्लट या प्रसूतिरुग्णालयांत लिओनार्ड कोलब्रुक यानें त्याची परीक्षा घेतली. हाताच्या त्वचेवर सूतिकाज्वराचे जंतु लावून त्यांवर या द्रव्याचा परिणाम किती व किती वेळ टिकतो, हें त्यानें पाहिलें. पूर्वींचीं द्रव्यें त्वचा जाळीत, म्हणून सुइणी तीं पुरेशीं वापरीत नसत. हें द्रव्य त्वचेस सोसणारें होतें. कंपनीला यांतून मोठा व्यापार मिळाला, यांत शंका नाहीं. पण तिची कीर्ति जाहिरातीपूर्वीं प्रयोगशाळेंतून गेली होती, आणि ती प्रयोगशाळा तिच्या मालकीची नव्हती.

४

आतां मुंबईकडे येऊं. आपल्याकडे रुग्णालय व व्यापारी यांचा पहिला मोठा संबंध दानाचा होता. १८४५ मध्यें सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयाकरितां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लाख रुपये दिले व तितकीच रक्कम सरकारनें घातली. तें सरकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. स्वतःच मूळची व्यापारी मंडळी. व्यापारी जेव्हां राज्यकर्ताहि होतो, तेव्हां तराजू व दंड एकाच हातीं जातात, याचें तें जगांतलें सर्वांत मोठें उदाहरण; पण तो विषय येथला नव्हे. दाता पैसे देतो व बाजूस होतो. त्याला पुढें कांहीं विकावयाचें नसतें. कंपनीची भागी निराळी. ती आज साबण देते ती उद्यां साबण विकावयाची असते. दान व भागी हे दोन शब्द अलीकडे एकमेकांच्या जागीं वापरले जातात, तें बरोबर नाहीं.

१८९५ मध्यें लिव्हर बंधूंचा लाइफबॉय साबण हिंदुस्थानांत आला. त्यांत कार्बोलिक असे. पुढच्याच वर्षीं, १८९६ च्या सप्टेंबरांत, मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. घरांच्या भिंतींवर चुना, गटारांत कार्बोलिक असा सपाटा चालू झाला. परंतु प्लेग उंदरावरील पिसवांच्या द्वारें पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यानें १८९८ मध्यें दाखविलें व तें सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. म्हणजे कार्बोलिकचा वास येतो तेथें आरोग्य आहे, ही समजूत रूढ होत असतां खरें कारण अजून सिद्ध व्हावयाचें होतें. वासावरून शुद्धि ठरविण्याची ही संवय अद्याप गेली नाहीं. दवाखान्यांत शिरतांच औषधाचा वास आला कीं आपण तो स्वच्छ समजतों. नळाशीं साबण आहे कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं.

याच काळांतील दुसरी हकीकत स्वदेशी उद्योगाची आहे. आर्देशीर गोदरेज यांनीं कुलुपांच्या धंद्यापूर्वीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें बनविण्याचा उद्योग आरंभिला होता. माल पसंत पडला. पण त्यावर हिंदुस्थानांत तयार झाल्याची खूण घालण्यास घेणारा राजी होईना, व गोदरेजांनीं ती सोडण्याचें नाकारलें, म्हणून तो धंदा बसला. पुढें पहिल्या महायुद्धानंतर त्यांनीं प्राण्यांच्या चरबीऐवजीं वनस्पति तेलाचा साबण काढला, व ज्या घरांत चरबीच्या शंकेनें साबण शिवत नसत त्या घरांतहि तो गेला. वैद्यकाच्या वस्तूवरील चिठ्ठी हा केवढा ऐतिहासिक पुरावा असतो, हें पहिल्या हकीकतीवरून दिसतें. आणि लोकांची शुचिर्भूतपणाची कल्पना ओळखल्याखेरीज त्यांच्या हातीं साधन पोंचत नाहीं, हें दुसरीवरून.

५

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ही भागी प्रथमच नांवानिशीं व करारानिशीं पुढें आली. साबणानें हात धुण्याच्या प्रसारासाठीं २००१ मध्यें जागतिक बँक, युनिसेफ व लंडनची आरोग्यविद्येची संस्था यांनीं युनिलिव्हर, प्रॉक्टर अँड गँबल व कोलगेट-पामोलिव्ह या कंपन्यांसह एक जागतिक योजना आंखली. तिचा एक आरंभीचा प्रयोग केरळांत व्हावयाचा होता. तेथें मोठा विरोध उठला. स्वच्छता व साक्षरता यांबद्दल ज्या प्रांताची ख्याति, त्यालाच परदेशी कंपन्यांचा साबण शिकविण्याचें कारण काय, आणि या शिक्षणाचा लाभ बालकांस कीं विक्रेत्यांस, असा आक्षेप होता. योजना तेथें अडखळली. विरोधकांचें सर्वच म्हणणें मान्य करण्याचें कारण नाहीं. साबणानें हात धुतल्यानें अतिसार कमी होतो, हें निर्विवाद आहे. पण लोकांच्या मनांतील शंका नेमकी खोतीच्या कुळाचीच होती : मोजणारा कोण ?

सुमारें त्याच वेळीं, २००२ मध्यें, हिंदुस्थान लिव्हर कंपनीनें लाइफबॉयच्या नांवें स्वास्थ्य चेतना ही मोहीम अनेक राज्यांच्या खेड्यांत नेली. मुलांच्या हातांस एक भुकटी लावीत, नुसत्या पाण्यानें हात धुवून घेत व अतिनील दिव्याखालीं उरलेली भुकटी चमकतांना दाखवीत. दिसण्यांत स्वच्छ तें स्वच्छ नव्हे, हें मुलांना पटविण्याची ही युक्ति उत्तम होती. व्याख्यानांनीं जें साधत नाहीं तें तिनें साधे. मात्र ती विक्रीची मोहीमहि होती, आणि कंपनीनें तें लपविलेलें नाहीं.

रुग्णालयांच्या बाबतींत निराळा मार्ग जिनेव्हाहून निघाला. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत डिडिए पिटे व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ ते १९९७ या काळांत खाटेपाशींच मद्यार्काचें द्रावण ठेवलें, स्वतःच्या सेवकांकडून भित्तिपत्रकें करविलीं व वरिष्ठांस या कामांत ओढलें. हस्तशुद्धीचें प्रमाण प्रसंगांच्या शेंकडा ४८ वरून ६६ वर गेलें व रुग्णालयांतील संसर्ग शेंकडा १६.९ वरून ९.९ वर उतरला. २००५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हीच पद्धति जगापुढें मांडली, आणि २००९ च्या मार्गदर्शक ग्रंथांत हात शुद्ध करण्याचे पांच क्षण सांगितले : रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं, शुद्ध क्रियेपूर्वीं, शरीरद्रवाशीं संबंध आल्यावर, रोग्यास स्पर्श केल्यावर व रोग्याच्या भोंवतालच्या वस्तूंस स्पर्श केल्यावर.

याच ग्रंथानें दुसरी एक गोष्ट केली, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची होय. द्रावणाची कृति उघड छापली. दहा लिटर द्रावणासाठीं शेंकडा ९६ चा इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, शेंकडा ३ चा हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसेरॉल १४५ मिलिलिटर, व बाकी उकळून निववलेलें पाणी. नंतर बाटल्या ७२ तास बाजूस ठेवाव्या, म्हणजे पाण्यांतील अगर भांड्यांतील कठीण बीजाणूहि नष्ट होतात. ग्लिसेरॉल त्वचा मऊ ठेवण्यास आहे. ही कृति कोणाच्याहि मालकीची नाहीं. रुग्णालयाचा औषधनिर्माता ती करूं शकतो, आणि कंपनीहि करूं शकते. यामुळें भाव व गुण दोन्ही ताडून पाहण्यास एक सार्वजनिक माप उत्पन्न झालें. कंपन्यांना दूर ठेवण्याचा हेतु यांत नव्हता. २०१२ मध्यें संघटनेनेंच रुग्णसुरक्षेकरितां खाजगी कंपन्यांचें एक मंडळ स्थापिलें. कंपन्यांनीं आपलें ज्ञान, शिक्षणाचें साहित्य व पुरवठा द्यावा. शिकवण मात्र संघटनेच्या ग्रंथाप्रमाणें असावी. कोणत्याहि कंपनीच्या मालाची शिफारस संघटना करीत नाहीं. म्हणजे येथें अभावणी मध्यस्थाकडून काढून घेतलेली आहे.

६

या मापाची कसोटी २०२० मध्यें लागली. कोरोनाची सांथ येतांच द्रावण बाजारांतून नाहींसें झालें व भाव चढले. केंद्र सरकारनें १३ मार्च रोजीं जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याखालीं तें घातलें व लगेच २०० मिलिलिटरच्या बाटलीस १०० रुपये ही कमाल किंमत ठरविली. साखर कारखाने व मद्यार्काचे कारखाने यांस द्रावण करण्याचे परवाने जलद देण्यांत आले. महाराष्ट्रांतील कारखान्यांत उसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क इतर उपयोगांकडून या उपयोगाकडे वळला. हें इतक्या थोड्या अवधींत साधलें, याचें एक कारण कृति उघड होती हें होय. ती एखाद्या कंपनीच्या तिजोरींत असती, तर परवाना मिळूनहि कारखानदारानें काय केलें असतें ?

पण माप सुटलें तेथें अनर्थहि झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानें त्याच वर्षीं, मुख्यतः मेक्सिकोंतून आलेल्या कित्येक द्रावणांत विषारी मिथेनॉल आढळल्याचें जाहीर केलें. आपल्याकडे गोव्यांतील एका मद्यार्क कारखान्याच्या प्रकरणांत द्रावण हें औषध कीं निर्जंतुक द्रव्य, असा वस्तु व सेवा कराचा प्रश्न उद्भवला व तें निर्जंतुक द्रव्य ठरून त्यास शेंकडा १८ कर लागू झाला. नांवावरून जात ठरते व जातीवरून कर, हा न्याय दफ्तरें वाचणाऱ्यांस नवीन नाहीं. आणि ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत एका ठिकाणीं पोलिओच्या थेंबांऐवजीं बारा बालकांस हेंच द्रावण पाजण्यांत आलें. सुदैवानें तीं सर्व वांचलीं. बाटलीवर काय लिहिलें आहे व तें कोण वाचतो, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हें यावरून कळून येईल.

रायगडच्या किनाऱ्यापुरतें बोलावयाचें तर ३ जून २०२० रोजीं, सांथ चालू असतांनाच, निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. मुरूड, श्रीवर्धन व अलिबाग या भागांत घरांचीं छपरें गेलीं, विजेचे खांब पडले. वीज गेली म्हणजे पंप थांबतो, व पंप थांबला म्हणजे नळ कोरडा. समोर खाडी भरलेली, पण पाणी खारें. अशा वेळीं पाण्यावांचून हात शुद्ध करणाऱ्या द्रावणाची किंमत कळते. त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. हात उघड मळलेले असतां द्रावण उपयोगी नाहीं. तेथें साबण व पाणीच पाहिजे. आंतड्याच्या कांहीं रोगांचे बीजाणु मद्यार्कानें मरत नाहींत. तेव्हां ज्या केंद्रास कंपनीनें बाटल्या भेट दिल्या पण नळाला पाणी नाहीं, त्या केंद्राची हस्तशुद्धि अर्धीच राहिली.

७

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष येणेंप्रमाणें. कंपन्यांवांचून हस्तशुद्धि चालत नाहीं. टेनंटच्या भुकटीपासून साखर कारखान्यांच्या मद्यार्कापर्यंत साधन नेहमीं कारखान्यांतूनच आलें आहे. सबब भागी करूं नये असें म्हणणें व्यर्थ आहे. पण जेथें जेथें ती फळास आली, तेथें तेथें माप रुग्णालयाकडे किंवा सार्वजनिक संस्थेकडे होतें. म्हणून चार अटी असाव्या. कृति उघड असावी. मालाची परीक्षा पुरवठादाराहून निराळ्या प्रयोगशाळेनें करावी. शिक्षणाच्या फलकावर मालाचें नांव नसावें. आणि वापर रुग्णालयानें स्वतः मोजावा. दर हजार रुग्णदिनांस किमान २० लिटर द्रावण खर्चीं पडावें, असें एक प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेलें आहे. जिल्हा रुग्णालयाची सांठ्याची वही व दाखल रोग्यांची वही शेजारी ठेवली, तर हा हिशेब कोणासहि एका दुपारीं करतां येईल. बाटल्या किती आल्या हें कंपनी सांगूं शकेल. त्या किती हातांवर गेल्या हें रुग्णालयानेंच सांगितलें पाहिजे.

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. बखर व अस्सल कागद यांतला भेद आपणांस सांगावयास नको. कंपनीची जाहिरात ही बखर होय; ती धन्याच्या गौरवार्थ लिहिलेली असते. तीहि जपावी, कारण लोकांनीं काय मानावें अशी इच्छा होती, हें तींतून कळतें. पण सत्य कळावयाचें तें दवाखान्यांच्या सांठ्याच्या वह्या, निविदांचे कागद, दरकरार, परीक्षेचे दाखले व बाटल्यांवरील चिठ्ठ्या यांतून. प्लेगच्या शास्त्रज्ञाचें नांव धारण करणाऱ्या हाफकिन महामंडळाकडे २०१७ पासून राज्याच्या औषधखरेदीचें काम होतें, व २०२३ च्या कायद्यानें त्यासाठीं स्वतंत्र प्राधिकरण झालें. असें एका कचेरींतून दुसरींत काम गेलें म्हणजे कागद कसे गहाळ होतात, हें पेशवे दफ्तराचा इतिहास जाणणारांस ठाऊक आहे. २०२० च्या बाटलीवरील चिठ्ठींत मद्यार्काचें प्रमाण, परवान्याचा क्रमांक, तयार केल्याची तारीख व किंमत एवढें सर्व असतें. दोन बोटें रुंदीचा तो एक दानपत्राइतकाच बोलका लेख आहे. मात्र तांबें टिकतें, ही शाई मद्यार्काच्या एका थेंबानें पुसते. ज्यांच्या घरीं, दवाखान्यांत अगर औषधांच्या दुकानांत अशा चिठ्ठ्या व वह्या अद्याप आहेत, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां तारीख व स्थळ टिपून ठेवाव्या. पुढल्या सांथीच्या वेळीं माप कोणाच्या हातीं होतें हा प्रश्न पुन्हां निघेल, तेव्हां उत्तर या कागदांतूनच काढावें लागेल. इत्यलम्.